मेघाची लाल बाटली

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि सोन्याचा एक कण मनात आणा. इतका बारीक, की केसाच्या जाडीत तसे हजारो मावावेत. असे कण पाण्यात सुटे तरंगले तर पाणी पिवळं नाही, चांगलं लालबुंद दिसतं. मीठ टाकलं की ते एकमेकांना बिलगतात आणि पाणी निळं पडतं.

एकोडीच्या शाळेत फिरत्या प्रयोगशाळेचे भूपेंद्र सर हेच दाखवायला आले होते. काचेच्या नळ्या पुरणार नव्हत्या, म्हणून पोरांनी घरून बाटल्या आणल्या होत्या. सरांनी त्यांत सोन्याचं लाल पाणी ओतलं. सगळ्यांनी मीठ टाकलं, सगळ्यांचं पाणी निळं झालं. सातवीतल्या मेघाचं मात्र लालच राहिलं.

"तू मीठ टाकलंच नाहीस," सर म्हणाले.

"टाकलं, सर."

"खोटं बोलू नकोस." भंडाऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनाला न्यायच्या मुलांची यादी त्यांच्या हातात होती. मेघाच्या नावापुढे त्यांनी फुली मारली.

"खाऊन टाकलं असंल हिनं, बकरीवानी!" मागून सुगत खिदळला.

मेघाचे कान तापले. चूक झाली असती तर तिने कबूल केली असती. पण न केलेली लबाडी कबूल करायची? आणि काही न तपासता सरळ फुली?

"काहून खोटी म्हणता मले? तुम्हीच टाका ना मीठ!"

सरांनी एक चमचा टाकला. मग दुसरा. पाणी लालच. त्यांनी बाटली नाकाशी नेली.

"कशाची आहे ही?"

"आमच्या पाटीच्या, म्हंजे बकरीच्या, पिलाले दूध पाजाची. सकाळी इसळून आणली."

सर एकदम खुलले. "अरे वा! ऐका रे! दुधातली प्रथिनं या कणांना चिकटली. प्रत्येक कणाला त्यांचं कवच चढलं, म्हणून मिठाला ते एकत्र आणता आले नाहीत. औषधाचे असे कण रक्तात सोडले, तर तिथेही प्रथिनं अशीच चिकटतात. थांबा, चित्र काढून दाखवतो!"

बाटली टेबलावर ठेवून ते फळ्याकडे वळले. फुली तशीच. 'खोटं' या शब्दाबद्दल एक अक्षर नाही. जणू काही घडलंच नव्हतं!

मेघाने बाटली उचलली, घट्ट बूच लावलं आणि ती पाठीमागे धरून फळ्यापुढे आडवी उभी राहिली.

"चित्र मंग काढा, सर. पयले सगळ्यांसमोर सांगा, मेघा खोटं नाही बोलली."