सुताराला झाडाचा हेवा वाटतो

"आज शाळेत काय केलं?" या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळतं: "काही नाही." सुताराच्या घरीही तेच मिळे. फक्त गुरुवारी त्याची पहिलीतली मुलगी, टाचणी, चपला काढायच्या आधीच सुरू होई.

"बाबा, माझ्या झाडावर सगळे मुंगळे वर चालले होते आणि एक एकटाच खाली! काहीतरी विसरला असणार."

दर गुरुवारी बाई वर्गाला शाळेमागच्या रानात नेत. प्रत्येकानं एक झाड निवडायचं, त्याच्यापाशी दहा मिनिटं गप्प बसायचं, मग दिसलं ते सांगायचं. सुतारानं हे आधी मोठ्या मनानं घेतलं. मग टाचणीनं घरच्यांचं चित्र काढलं. त्यात आई होती. मधोमध हसरं झाड होतं. बाबा कोपऱ्यात होता, स्टुलाएवढा.

"एवढं उंच आहे का ते?"

"सहा बाबा, एकावर एक!"

तेव्हापासून तो जेवताना मध्येच विचारू लागला, "त्याला रंधा मारता येतो का?"

"तुला चक्क झाडाचा हेवा वाटतोय?" बायकोनं विचारलं.

"मला? जन्मभर लाकूड कापतोय मी!"

"तेच म्हणते. जुनं वैर दिसतंय."

शेवटी त्यानं शाळेला पत्र लिहिलं. मुलीला रानात नेऊ नये. कारणं: चिखल, किडे आणि वाईट संगत. गुरुवारी तो पत्र घेऊन थेट रानात हजर झाला.

बाईंनी पत्र वाचलं. "वाईट संगत म्हणजे कोण?"

सुतारानं बोट दाखवलं. झाडानं काही खुलासा केला नाही.

"बाई, पोरगी लिहायला-वाचायला येते की झाडाकडे बघत बसायला?"

"बघते म्हणून तर विचारते. वर्गात प्रश्न माझे असतात, ती उत्तरं पाठ करते. इथं प्रश्न तिचे असतात. एवढ्याशा पोरांना आपण दिवसभर बाकावर डांबतो आणि वर म्हणतो, यांना कुतूहलच नाही!"

सुतार झाडाकडे वळला. बुंध्याला कान लावून त्यानं बोटांनी ठोकलं. वर ठोकलं, खाली ठोकलं. त्याचा चेहरा उजळला.

"पोकळ आहे!" तो ओरडला. "आतून पोकळ! साधी फळी निघायची नाही याची! टाचणे, हे असलं निवडलंस?"

"मला माहितीये," टाचणी म्हणाली. "पहिल्याच दिवशी ठोकून बघितलं ना, तुझ्यासारखं. म्हणून तर हेच घेतलं. आत खार राहते. भरीव असतं तर ती कुठे गेली असती?"

तेवढ्यात सगळ्या वर्गानं आपापल्या झाडाला कान लावले. टक्, टक्, टक्!

"हे तिनंच शिकवलं सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "आम्ही त्याला बाबा-परीक्षा म्हणतो."

सुताराचा हात बुंध्यावरच राहिला. वीस वर्षं तो लाकूड ठोकत होता. पोकळ लागलं की बाजूला टाकत होता. आत कुणाचं घर असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं!

"मला दिसेल का गं खार?"

"दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. तुला जमणार नाही."

तो हट्टानं बसला. नवव्या मिनिटाला ढोलीतून दोन डोळे बाहेर आले.

"अरे बापरे!"

"शूऽऽ!" टाचणीनं दटावलं.

पत्राच्या मागे त्यानं खारीचं चित्र काढून दिलं. बाईंनी शेरा मारला: "शेपूट छान. बडबड कमी करा."

तर पालकहो, मूल रानात गेलं म्हणून ते आपल्याला दुरावत नाही. घरी आपल्याकडून उचललेलंच ते तिथं वापरून बघतं, आणि आपल्याला न सापडलेलं घेऊन परत येतं. त्याला बाकाला खिळवू नका. हेवा वाटलाच, तर सोबत जा आणि दहा मिनिटं गप्प बसा.

सुताराचं म्हणाल, तर झाडाशी त्याचं आता उत्तम जमतं. टाचणी हल्ली खारीचं मात्र जरा जास्तच कौतुक करते. ते त्याच्या लक्षात आलं आहे.