मागचं वजन

पडून वाकलेली दांडी आणि पिरगळून वाकवलेली दांडी यांतला फरक थोरलीला डोळे मिटूनही कळला असता. वीस वर्षं ती जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करत होती. पडलेल्या प्लेअरची दांडी पुढे, सुईपाशी चेपते. ही मुळाशी वाकली होती. कोंबडीची मान मुरगाळावी तशी कुणीतरी मुठीत धरून हिसडली होती.

"पडला म्हणतेस?"

"पडला," धाकटी म्हणाली. नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळून ती स्टुलावर बसली होती. "आणि जवळ येऊ नकोस, सर्दी झालीय."

आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून सगळं थोरलीनंच केलं. खोटं बोलताना ही पोर हवामानाची नाहीतर तब्येतीची गोष्ट काढते, हे तिला तेव्हापासूनच ठाऊक होतं.

प्लेअर धाकटीच्या सासऱ्यांचा. म्हाताऱ्याचा जीव की प्राण. उद्या सकाळी ते मुलाकडे राहायला येणार होते आणि चपला काढायच्या आधी रेकॉर्ड लावणार होते. म्हणून धाकटीच्या नवऱ्यानं फर्मान काढलं होतं, पाचपर्यंत वाजला पाहिजे. पाचला तो येणार होता, प्लेअर न्यायला आणि बायकोलाही.

थोरलीनं दांडी उतरवली, लाकडी साच्यात धरून इंच इंच सरळ केली. मग नळीत डोकावली आणि थबकली. आत केसाएवढ्या चार तारा असायला हव्यात. नळी रिकामी होती.

"तारा गं?"

"तुटल्या होत्या. काल मीच ओढून काढल्या. म्हटलं, आपणच घालू नव्या."

"शाबास! नव्या तारा जुन्यांच्या शेपटीला बांधायच्या, मग जुन्या ओढायच्या. बाराखडीच्या आधी शिकवलंय आबांनी. तू दोर आधीच काढून घेतलास, आता विहिरीत बादली सोडायची कशी?"

"घाई झाली."

"कसली घाई?"

धाकटीनं स्कार्फ आणखी वर ओढला.

"बरं. मग जुना उपाय. भाता, ये इकडे."

लहानपणी हे धाकटीचं टोपणनाव होतं. आबा, त्यांचे वडील, नळीच्या एका टोकाशी रेशमी दोरा धरायचे, दुसऱ्या टोकाला ही ओठ लावून अशी हवा ओढायची की दोरा सुर्रकन आत. मग दोऱ्याला तारा बांधल्या की काम फत्ते. थोरलीला दमा, तिला ते कधी जमलंच नाही.

"सर्दी आहे म्हटलं ना."

"नाकाला ना? ओढायचंय तोंडानं. चल, काढ ते मुंडासं."

धाकटीनं बराच वेळ नळीकडे पाहिलं. मग स्कार्फ खाली ओढला.

वरचा ओठ मधोमध फाटून काळा पडला होता. समोरचे दोन दात जागेवर नव्हते. हिरडीत कापूस कोंबलेला होता.

 थोरलीचा हात आपोआप दांडीच्या मागच्या वजनाकडे गेला. पुढच्या सुईचा भार तोलायला मागं बसतं ते, लिंबाएवढं पितळी. त्याच्या खाचांत काळपट काहीतरी वाळलं होतं. दुपारी तिला तो गंज वाटला होता. पितळ गंजत नाही, हे वीस वर्षांनंतर तरी लक्षात यायला हवं होतं.

"फेकून मारलं?"

"नाही. मुठीत धरून." दातांच्या फटीतून वारा सुटत होता. "मी गाणं ऐकत होते. त्याची हाक ऐकू आली नाही. त्यानं दांडी हिसडली, वजन निसटून हातात आलं. आता म्हणतो, तू मध्ये आलीस म्हणून मोडली."

"आणि आज जाणारेस त्याच्याबरोबर?"

"प्लेअर वाजला की शांत होईल गं तो."

"नाही झाला तर?"

"अजून तीस आहेत," धाकटी म्हणाली, आणि हसायला गेली तर ओठ पुन्हा उलला.

पहिल्यांदा हवा फटीतूनच गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं बोटांनी ओठ दाबून धरले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढलं. दोरा आला. आत गेला पांढरा, बाहेर आला तांबडा.

मग तारा गेल्या. थोरलीनं सोल्डरिंग आयर्ननं चार टोकांना चार डाग दिले, प्रत्येक डागाला मनात तीन आकडे मोजून. डाग धरेपर्यंत हात हलवायचा नाही, हाही आबांचाच नियम. प्लेअर वाजवून पाहिला. छान वाजला. धाकटीनं दांडी बांधली, नेताना काढून ठेवतात तसं मागचं वजन काढलं आणि झाकण लावलं.

पाचला तो आला.

"झालं का ताई?" आवाज कसा, साखरेत घोळलेला.

"झालं, जावईबापू. मशीन न्या. ही राहील."

तो हसला. मागं वळून त्यानं दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. पुढच्या क्षणी थोरलीचा अंबाडा त्याच्या मुठीत होता आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं होतं. नाकातलं हाड मोडल्याचा आवाज तिला कानांतून नाही, आतून ऐकू आला. "मला अक्कल शिकवतेस?" पुन्हा आपटलं. स्क्रू उडाले. रक्त घशात उतरलं. वीतभर अंतरावर तापलेला सोल्डरिंग आयर्न स्टँडवर दिसत होता. बोटं तिथवर पोहोचेनात. तिसऱ्यांदा डोकं उचललं गेलं तेव्हा स्टँड रिकामा होता.

चर्रर्र झालं.

धाकटीनं आयर्नचं टोक त्याच्या मुठीवर टेकवलं होतं. तो गुरासारखा ओरडला, त्यानं हिसका दिला, तिनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट घट्ट पकडलं आणि हात हलू दिला नाही.

"एक," ती मोजत होती. "दोन. तीन."

मूठ उघडली. तो कोलमडत मागं गेला, तसं टोक त्याच्या तोंडासमोर गेलं.

"दात बत्तीस असतात," ती म्हणाली. "डोळे दोनच."

त्यानं तोंडाला येईल ते बोलून घेतलं. मग भाजलेला हात छातीशी धरून, प्लेअर काखेत मारून, शटरखालून वाकून निघून गेला. उद्या बाप येणार होता, प्लेअर टाकून जाणं त्याला परवडणारं नव्हतं.

धाकटीनं शटर पूर्ण खाली घेतलं, आतून कुलूप घातलं. आयर्नच्या टोकाला कातडी चिकटली होती. ती तिनं ओल्या स्पंजवर पुसली, एकदा, दोनदा, हत्यार स्वच्छ करून ठेवावं तशी.

थोरली जमिनीवर बसून नाकाला फडकं लावत होती. "परत येईल तो."

"येईलच. वाजणार नाही ना." धाकटीनं ओढणीची गाठ सोडली. आतून पितळी वजन तिच्या तळहातावर आलं. "मागं हे नसलं की दांडी धाडकन आपटते. सासऱ्यांना कळतं सगळं. विचारतील त्याला, वजन कुठंय म्हणून."

"आणि तो काय सांगेल?"

"मला नाही माहीत." ती बहिणीशेजारी खाली बसली. "पण विचारायला ते इथं आले, तर मी तोंड उघडून दाखवणारे."