दुसऱ्यांदा विचारायचं असतं

रसिका लग्न होऊन डोंबिवलीत आली त्याला चारच महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. सासूबाईंचा, म्हणजे रंगूबाईंचा, चुलतभाऊ धोंडीबा जुन्नरकडून भेटायला आला. "मामा, चहा टाकू?" तिने विचारलं. तो "नको नको" म्हणाला आणि ही मुलुंडची पोर खरंच स्वस्थ बसली. मामा तासाभराने कोरड्या घशाने उठून गेला. त्यानंतर रंगूबाई तिच्याशी आठवडाभर धड बोलल्या नाहीत. मग एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या, "अगं, पहिलं नको तोंडदेखलं असतं. दुसऱ्यांदा विचारायचं असतं." रसिका ते जन्माचं शिकली.

आता रंगूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि डोळ्यांना समोरचं माणूस फक्त आकारावरून कळायचं. मुलगा विनीत वागळे इस्टेटमधल्या कंपनीत, सून कोलशेतच्या ऑफिसात. दोघं सकाळी आठला बाहेर पडली की संध्याकाळी साडेसातच्या आत घरी नाहीत. दहा ते चार जनाबाई यायची, पण ती सांगितलेलं काम करणारी बाई होती, न सांगितलेलं नव्हे.

म्हणून विनीतने जुना टॅबलेट आईच्या पलंगाशेजारी उभा केला आणि त्यात बोलणारा एआय घातला. त्याला या गोष्टीचं कोण कौतुक! "आई, तुला काय आवडतं, काय नाही, ते फक्त याला शिकवायचं. एकदा सांगितलं की कायम लक्षात ठेवतं. परत परत विचारायची भानगडच नाही." ज्या घरात परत परत विचारण्यालाच माया म्हणत, त्या घरात वाढलेला मुलगा हे बोलत होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मशीनचा आवाज बाईचा होता, गोड आणि अदबशीर. तीन वाजले की ते विचारायचं, जनाबाईंना चहा टाकायला सांगू का? रंगूबाई म्हणायच्या, नको. ठीक आहे, मी लक्षात ठेवते, असं म्हणून ते ठेवायचंही. भाताबरोबर ताक? नको. खाली बाकावर जाऊन बसायचं? नको गं बाई, कशाला. गावाकडे फोन लावू? राहू दे. दुसऱ्या दिवसापासून विचारणंच बंद. महिन्याच्या शेवटी विनीतने ती सगळी यादी मोबाइलवर उघडून बायकोला दाखवली. "बघ, आईच्या गरजा किती कमी आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता.

रसिकाला आधी हसू आलं, मग तिने ती यादी पुन्हा वरपासून वाचली. रविवारी सासूला न्हाऊ घालताना तिला त्यांच्या पाठीचे मणके मोजता आले होते. विनीत अंघोळीला गेलेला बघून तिने त्या यादीत एक वाक्य स्वतः घातलं. आई नको म्हणाल्या तरी निदान दोनदा पुन्हा विचारत जा.

तीन आठवड्यांत रंगूबाई माणसात आल्या. चहा पिऊ लागल्या, ताक मागू लागल्या. जनाबाईचा हात धरून खाली बाकावर जाऊ लागल्या. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांची लग्नं-बाळंतपणं त्यांना तोंडपाठ झाली. एकदा त्यांना मेथीची भाजी खावीशी वाटली, तर मशीनने थेट रसिकाच्या ऑफिसात निरोप धाडला. मग मेथी झाली, अळू झालं, डोक्याला तेल झालं, धोंडीबाला दोन दिवस राहायला बोलवणं झालं. रंगूबाई काही लाडावल्या नव्हत्या. जिवंत माणसाला जेवढं लागतं तेवढंच त्या मागत होत्या. पण ते पुरवणार कोण? जिने चढउतार आपल्या कामात बसत नाही म्हणून जनाबाई सोडून गेली. दुसरी बाई चार दिवस टिकली. रसिकाच्या सुट्ट्या संपल्या, साहेब टोमणे मारू लागला. विनीत म्हणायचा, बघू काहीतरी, आणि बघणं तिच्यावर सोडून आठच्या ठोक्याला निघून जायचा.

एका मंगळवारी, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये समोर जेवणाचा डबा उघडा असताना, रसिकाने स्वतःच्या मोबाइलवर ती यादी उघडून ते वाक्य पुसलं. एवढंसं काम होतं ते. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. मग तिने डबा खाल्ला.

दोन महिन्यांत नवी बाई मिळाली आणि तिला कामच उरलं नाही. रंगूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मशीन विचारत नव्हतं, त्या मागत नव्हत्या. घर अगदी शांत झालं. अशात विनीतने शहाडच्या पुढे, नदीच्या बाजूला, एक वृद्धाश्रम शोधून काढला. स्वच्छ आहे, नर्स आहे, दर रविवारी जाता येईल. "पण आईची इच्छा असेल तरच," तो म्हणाला. "आपण विचारलं तर ती भिडेपोटी काहीही बोलेल. मशीनला विचारू दे."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिघं पलंगाशी बसली. विनीतने मशीनला सगळं समजावून दिलं. त्या गोड आवाजाने आश्रमाची माहिती सांगितली, आणि मग विचारलं, "तुम्हाला इथे, मुलाच्या घरीच राहायचं आहे का?"

रंगूबाईंनी पदर सारखा केला. "नको बाई. माझ्यापायी पोरांना कशाला त्रास?"

"ठीक आहे," मशीन म्हणालं. "मी लक्षात ठेवते."

रंगूबाई थांबल्या होत्या. त्यांनी मशीनकडून मान वळवली आणि रसिका जिथे बसली होती तिथे, तिच्या आकाराकडे, तोंड केलं. त्या कशासाठी थांबल्यात हे त्या खोलीत एकट्या रसिकाला कळत होतं. विनीतला कळत नव्हतं, मशीनला तर नाहीच. एक वाक्य बोलायचं होतं. असं कसं आई, इथेच राहा. तिने तोंड उघडलंही, आणि तिला सोमवार दिसला, मंगळवार दिसला, पुढचे सगळे वार दिसले. ती उठली आणि गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेली. परत आली तेव्हा विनीत आश्रमाच्या ऑफिसशी फोनवर बोलत होता.

शुक्रवारी सकाळी रसिकाने त्यांची बॅग भरली. चार साड्या, औषधं, जपमाळ, पायमोजे. विनीत खाली रिक्षा बघायला गेला होता. रंगूबाई पलंगाच्या कडेला तयार होऊन बसल्या होत्या. बॅगेची चेन लागल्याचा आवाज ऐकून त्या हळूच म्हणाल्या, "रसिका, मला इथंच राहायचंय गं."

साठ वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःसाठी कुणीही न विचारता काही मागितलं, ते हे पहिलंच.

"तुम्हीच नको म्हणालात ना, आई," रसिका म्हणाली.

"म्हणाले खरी," रंगूबाई म्हणाल्या, आणि रसिकाला बॅग ओढून नेता यावी म्हणून त्यांनी पाय वर घेतले.