लाल गाळ

शेडमधल्या सगळ्याजणी मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापड्या. मालकांनी हसून चहा पाजला तरी मी आधी कपात डोकावून बघते, आणि त्याचं वाईट वाटायची वेळ तोवर कधी आली नव्हती.

आम्ही बटाटे निवडतो. पट्ट्यावरून माल सरकत येतो. सडका, कापलेला, हिरवा पडलेला बाजूला काढायचा. मालकांची जमीन काळी, चिकट. तिथला बटाटा ती माती अंगाला थापूनच येतो. पण काही महिन्यांपासून ऐन घरी निघायच्या वेळेला एक ट्रक येऊ लागला, आणि त्यातल्या बटाट्यांना माती असायची लाल. माल कुठला विचारलं की मालक म्हणायचे, "आपलाच. पलीकडच्या तुकड्यातला." पलीकडचा तुकडा आम्हीच खुरपलाय. तिथे लाल म्हणावं असं फक्त फाटक आहे.

माती कोणाची, यावर कायद्याचं सगळं अडलेलं होतं. मालकाच्या स्वतःच्या शेतातला माल निवडला तर ते शेतकाम, त्याला ओव्हरटाइम नाही. दुसऱ्याचा माल निवडला की तेच काम कारखान्याचं होतं, आणि वेळ संपल्यावर दुप्पट मजुरी द्यावी लागते. दुप्पट म्हटलं की आमच्या मालकांच्या पोटात दुखतं. द्यावी लागली असती तर त्यांनी ट्रकच बंद केला असता, आणि मला तेच हवं होतं. माझी लेक मला झोपलेलीच दिसायची, सकाळी निघतानाही आणि परतल्यावरही. ती आता बोबडं बोलत नाही, हे मला सासूबाईंकडून कळलं. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले.

मग कोणीतरी मजूर कार्यालयात तक्रार केली. कोणी, ते कळेना. तपासणीला अधिकारी बाई येणार असं समजलं, आणि आदल्या दिवशी वन्संचं वागणंच बदललं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शेडची मुकादम. सकाळी त्यांनी शेडमागचा खड्डा, जिथे धुण्याचं पाणी जातं तो, तळापर्यंत उपसून घेतला. दिवसभर पाण्याचा थेंब सांडू दिला नाही, ट्रक यायच्या आधी पट्टा-फरशी कोरडीच झाडून घेतली. संध्याकाळचा लाल माल निवडून झाल्यावर मात्र पट्टा, क्रेट, फरशी सगळं पाइप लावून धुवायला लावलं. मालक कौतुकाने बघत उभे होते. "मुकादम असावी तर अशी," म्हणाले आणि गेले.

माझं डोकंच फिरलं. खड्ड्यापाशी मी वन्संना गाठलं.

"वन्सं, कितीला विकलंत आम्हाला?"

"वहिनी, हळू."

"का हळू? सगळी लाल माती धुऊन खड्ड्यात घातलीत, म्हणजे उद्या बाईंना काही दिसायला नको. घरचं माणूस म्हणून मी गप्प बसायचं का?"

 वन्संची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. ट्रकचा ड्रायव्हर चाकाशी बसला होता. त्याने लगेच मान खाली घातली.

"घरी चल," एवढंच वन्सं म्हणाल्या. रस्ताभर पुढे शब्द नाही. बोलायला तोंड कुठे आहे, असं मी मनाशी धरलं.

सकाळी मालकांनी सगळ्यांना नवेकोरे रबरी हातमोजे वाटले. इतकी वर्षं भेगांतून रक्त आलं तेव्हा हे सुचलं नव्हतं. मी ते उलटेपालटे करून बघितले. काही सापडलं नाही म्हणून घातले.

बाई आल्या. मालक म्हणाले, "सगळा घरचाच माल, बाई."

वन्सं पुढे झाल्या. "तक्रार मी केलीय. जरा मागे चला."

माझे कान तापले. खड्ड्यापाशी वन्संनी फावडं उचललं. "हा काल सकाळी रिकामा केला. नंतर फक्त संध्याकाळच्या मालाची माती यात गेलीय. एखादा बटाटा दाखवला असता तर बाजारातून आणला म्हणाले असते. एवढा गाळ मी कुठून आणणार?"

त्यांनी फावडं खोल घातलं आणि वर काढलं. गाळ काळा होता. काळा, चिकट, ताजा.

"शेत काळं, म्हणून गाळ काळा," मालक म्हणाले. "हिचे कोणीतरी कान भरलेत."

कोणीतरी कान भरले होतेच, पण मालकांचे. आणि ड्रायव्हरच्या तोंडी ते मीच घातलं होतं. रातोरात खड्ड्यातला गाळ बदलला होता. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. आता वन्सं माझं नाव घेणार, आणि घ्यावंच, असं वाटलं.

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि माझ्यापाशी आल्या. माझे हातमोजे एकेक करून ओढून काढले, लेकराचं ओलं झबलं काढावं तसे. तळव्यांच्या भेगांत लाल रेघा होत्या, नखांत लाल कडा. आम्ही रोज घासतो, निघत नाही.

"बाकीच्यांनीही काढा गं," वन्सं म्हणाल्या. सगळ्यांनी काढले.

बाई माझ्या हातांवर वाकल्या. "ही माती कुठली?"

"सांग की," मालक हसत म्हणाले. "पलीकडच्या तुकड्यातली. आणि उद्या कामाला यायचंय ना तुला?"

जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, माझी जीभ टाळ्याला चिकटली.

वन्सं माझ्या कानाशी आल्या. "काल बोललीस ना? तेवढ्याच मोठ्याने बोल."

मी बोलले.