डाग नव्हे, सांधे

पल्लवीचं काम हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात, घरात बसूनच चालायचं. पुण्याची एक प्रयोगशाळा तिला उंदराच्या मेंदूच्या एकाखालच्या एक पातळ थरांचे फोटो पाठवायची. मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप पोचवतात, ते सांधे एक संगणकी प्रोग्राम शोधायचा आणि पल्लवी त्याच्या चुका दुरुस्त करायची. सांधा म्हणजे एक काळी रेघ आणि तिच्या एका बाजूला बारीक गोल फुग्यांचा घोळका.

मधूनच धुरकट डाग दिसायचे. "तो कचरा आहे, सोडून देत जा," असं प्रयोगशाळेतल्या विजयकुमार सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण एक डाग तिला सलग सहा थरांच्या फोटोंत, त्याच जागी दिसला. कचरा असा एका जागी कसा राहील? तिने फोटो एकावर एक रचले आणि तो गठ्ठा संगणकावर बाजूने उभा कापून पाहिला. काळी रेघ! शेजारी फुगे! सांधा आडवा पडला होता, म्हणून वरून नुसता डाग दिसत होता.

"एखादा योगायोग असेल," सर फोनवर म्हणाले.

पल्लवीने दोन महिने खपून स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक डाग योग्य कोनात फिरवून बघायचा. त्याने निवडलेले पन्नास डाग सरांनी दोन तज्ज्ञांना तपासायला दिले, कुणी निवडले ते न सांगता.

निकालाच्या मिटिंगच्या दिवशी गावात लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. तिचे वडील रत्नपाल हिंगोलीची प्रवासी जीप चालवायचे. "बस समोर," ते म्हणाले, "सेनगावला रेंज हाय."

सेनगावात त्यांनी जीप कडेला घेतली आणि मागे वळून हात जोडले. "मंडळी, दहा मिनटं दम धरा. पोरीची मिटिंग हाय."

"मला बँक गाठायची हाय, रत्नपाल," मागच्या सीटवरून जिवनबाई कुरकुरल्या.

"पोचवतो की, आत्या!"

लॅपटॉपवर सर दिसले. "पल्लवी, पन्नासातले शेहेचाळीस खरे सांधे निघाले. आमच्या प्रोग्रामला यातला एकही सापडला नव्हता. मी कचरा म्हणालो, ती माझी चूक. आजपासून सगळ्या फोटोंवर तुझा प्रोग्राम चालेल. शोधनिबंधावर तुझं नाव असेल. आणि चुका दुरुस्त करणं आता पुरे. प्रोग्राम लिहायच्या कामावर ये."

पल्लवीने विचारलं, "सर, उरलेले चार का चुकले? ते फोटो पाठवाल का?"

सर मोकळेपणी हसले. "आत्ता पाठवतो."

फोटो उतरू लागले. मग जिवनबाईंनी मान पुढे काढली. "काय म्हनला गं सायेब?"

"मी बराबर होते म्हणाला, आजी."

रत्नपालांनी डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि भर चौकात, समोर कुणी नसताना, लांबलचक हॉर्न वाजवला.

"वाजव बाबा, अजून वाजव," जिवनबाई म्हणाल्या. "बँक काय पळून जाते काय!"