आईची डावी बाजू

भर.

ही पहिली कांडी. बटण दाबून हात फिरवला की हवेत माती भरत जाते. हवेत म्हणजे टीव्हीवर.

कोर.

ही दुसरी. भरलेलं खरवडते.

दोन्ही कांड्या माझ्या धाकट्या भावाच्या, प्रसेनजितच्या हातात. टोकाला उजळणारे चेंडू. टीव्हीवर बसवलेला कॅमेरा त्याच्या हातांकडे पाहतो. पुण्याहून तो हे सगळं बॅगेत घालून देऊळघाटला आला होता, आई गेल्यावरच्या रविवारच्या पुण्यानुमोदनासाठी. फ्लेक्सवाल्याला चेहरा हवा होता आणि आमच्याकडे आईचा पूर्ण चेहराच नव्हता. जो फोटो काढावा त्यात पदर डाव्या गालावर ओढलेला, उजवी बाजू पुढे. लग्नात कोणी फोटो काढले नव्हते. मग स्टोव्हचा भडका झाला, त्यात आई भाजली. तेव्हा मी पाळण्यात होते. घरात एवढंच सांगितलं जायचं.

"हवेत भाकरी थापतं का बे?" पुष्पामावशी म्हणाली. आईची सख्खी बहीण, सुलतानपूरहून आलेली.

"मावशी, लोक याच्यात डोंगर बनवतात. अख्खी शहरं बनवतात."

"बनवू दे न बाप्पा. तू माही बहीण नीट बनव."

आरसा.

हे तिसरं. एक बाजू केली की दुसरी आपोआप होते. प्रसेनने ते चालू केलं, कारण त्याच्याजवळ एकच बाजू होती. उजवा गाल भरला, डावा भरला. उजवी भुवई आली, डावी आली.

टीव्हीवर एक बाई.

मावशीचं हसणं तोंडातच राहिलं. ती उठून टीव्हीजवळ गेली. "अशीच होती. लग्नाच्या आधी थेट अशीच होती वं माय." तिने काचेवर हात ठेवला आणि रडायला लागली.

बाबांनी खाटेवरून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हेच लाव," ते म्हणाले.

"ही आई नाही," मी म्हणाले.

"काऊन नाही?" बाबांनी विचारलं.

"मी धुतलंय तिचं तोंड."

लकवा झाल्यावर आई अंथरुणाला खिळली. मी शाळेत शिकवून घरी यायचे, तिला पुसायचे, तेल लावायचे. तिचा एक हात चालत होता, तोही मला अडवण्यात जायचा. मग तिने अडवणं सोडलं. डावी बाजू मी डोळ्यांनी कमी पाहिली. बोटांनी पाहिली.

"दे इकडे," मी प्रसेनला म्हणाले.

"ताई, तुला जमणार नाही, हात थरथरतो सुरुवातीला."

जमलं. आरसा बंद केला. हवेत गाल लागत नाही, बोट आरपार जातं, हे विचित्र होतं. पण मी डोळे मिटले की हात बरोबर जात होता. डावी भुवई कोरून टाकली. त्या बाजूला भुवई नव्हतीच तिला. कपाळावर केसांच्या रेषेपाशी कातडी चुरगळलेली, तिथून भर. डोळ्याची खालची पापणी ओढलेली. कान वितळून डोक्याला चिकटलेला. तिथून एक वळ गालावरून जबड्यापर्यंत, जबड्याच्या काठाशी थांबून जाड झालेला. दुसरा मानेवरून गळ्याच्या हाडापर्यंत. हनुवटीच्या खाली काही नाही. तिथली कातडी शेवटपर्यंत कोवळी होती, तेल लावताना मला दर वेळी नवल वाटायचं.

पुन्हा. कपाळ, कान, जबडा, गळा. हात वर, हात खाली.

हात वर गेला आणि मी डोळे उघडले.

भडका खालून येतो. स्टोव्हपुढे बसलेल्या बाईची हनुवटी आधी जळते.

माझा हात डोक्याच्या वर होता, मनगट वाकडं झालेलं. कोणाच्या डोक्यावर भांडं उपडं करताना होतं तसं.

खोलीत सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. टीव्हीकडे कोणीच नाही.

"कोनं सांगतलं तुले?" बाबा म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं.

"कोनं सांगतलं म्हंतो मी?"

"कोणी नाही."

"पुरे कर धम्मे," मावशी हळूच म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "आता गेली थे. आता काय करतं उकरून?"

तिला माहीत होतं.

प्रसेनने माझ्या हातातून कांड्या घेतल्या. तो बाबांकडे पाहत नव्हता. "ताई, आईनंच झाकलं जन्मभर. चौकात उघडणारी तू कोण?"

  मी कांड्या परत घ्यायला हात पुढे केला तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

मागे.

गळ्यावरचा वळ वर सरकला.

मागे.

जबडा साफ झाला.

मागे. कान सुटला.

मागे. पापणी मिटण्याजोगी झाली.

मागे. कपाळ.

मागे. भुवई.

देखणी बाई. प्रसेनने तिचा फोटो तिथूनच बुलडाण्याच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला.

बाबा म्हणाले, "चहा टाक कोनी."

मावशीने टाकला.

रविवार. समाजमंदिरापुढे मांडव. फ्लेक्सवर आई, दोन्ही डोळे सारखे, दोन्ही कान. लोक फूल वाहून बाबांपाशी येत होते.

"लय देखनी होती हो बनाबाई, किसनराव."

"हाव."

"शेवटपर्यंत तुमी सेवा केली."

"हाव," बाबा म्हणाले.

मग माझ्या हातात माईक आला. लेकीने दोन शब्द बोलावेत.

मी म्हणाले, या फ्लेक्सवर माझी आई नाही. माझी आई डावीकडून जळलेली होती. कपाळापासून खाली.

 सतरंजीवर समोरच बसलेल्या एका म्हातारीने मान हलवली. "स्टोचा भडका झाल्ता वं बिचारीले." शेजारणीने मान हलवली. "पंपाचा स्टो होता. लयच वंगाळ." मागे कोणीतरी कोणाला समजावून सांगू लागलं. सगळ्या माना हलत होत्या, मायेने.

बाबा माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणाले.

पण पुष्पामावशी तोवर उठली होती. तिने डोळे मिटून मोठ्याने वंदना सुरू केली, आणि अख्खा मांडव हात जोडून उभा राहिला.