दगड की चिखल

तिने मासेमारीच्या काठीच्या रिळावरचा अंगठा सैल सोडला, तसं शिशाचं वजन होडीच्या कडेवरून पाण्यात गडप झालं आणि दोरी सरसर सुटायला लागली. बराच वेळ सुटत राहिली. तलाव इतका खोल असेल असं तिला काठावरून कधी वाटलं नव्हतं. मग दोरी एकाएकी ढिली पडली.

"टेकलं," नवरा म्हणाला. "आता काठी किंचित उचल आणि परत टेकव. काय लागतंय? दगड की चिखल?"

"ते मला इथे बसून कसं कळणार?"

"दोरी बोटावर घे. बोटाला कळतं."

तिने दोरी तर्जनीवर घेतली, वजन उचललं, टेकवलं. भिजवलेल्या कणकेत चमचा रुतावा तसं काहीतरी वाटलं.

"चिखल. सुटताना चिकटतंय."

त्याने मान हलवली, वल्ही मारून होडी थोडी पुढे नेली आणि पुन्हा तेच विचारलं. ती पुन्हा चिखल म्हणाली. शाळेत तोंडी परीक्षेला बसल्यासारखं तिला वाटायला लागलं होतं, आणि गंमत म्हणजे मजाही येत होती.

या होडीला ती सवत म्हणायची. लग्न झालं तेव्हापासून रविवारची सकाळ सवतीची, त्यात वाटेकरी नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर अडकलेल्या आणि चिडलेल्या माणसांची बोलणी खाऊन झाली की त्याला माणूस नको असायचं. सुरुवातीला तिने "मी येऊ का?" म्हणून विचारून पाहिलं होतं. "तू बोलशील" असं उत्तर मिळालं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बरं, इतक्या वर्षांत त्याने घरी एक मासा आणला असेल तर शपथ. सगळे सोडून देतो म्हणायचा. एकही सापडत नाही, अशी तिची खात्री होती.

आणि त्याच माणसाने परवा जेवताना, ताटातून मान न उचलता सांगितलं होतं, "डॉक्टरांनी पाण्यावर एकट्याने जायचं नाही म्हणून सांगितलंय. येशील?"

त्याच्या आजारपणात ती प्रत्येक वेळी दवाखान्यात बरोबर गेली होती. कपडे आल्टर करण्याचं तिचं छोटं दुकान तेव्हा महिनोन्महिने अर्धवेळ चाललं. फक्त या शेवटच्या तपासणीला तो एकटा गेला होता. म्हणूनच तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून डॉक्टरांना फोन लावला.

"मी असं काही बोललो नाही," डॉक्टर हसून म्हणाले. "खुशाल एकटे जाऊ देत की."

पुढे रिपोर्टचं विचारायला तिने तोंड उघडलं आणि "बरं, थँक्यू" म्हणून फोन ठेवून दिला. नोकरी लागल्याचं, सासूबाई गेल्याचं, स्वतःच्या आजाराचं, सगळं या माणसाने तिला स्वयंपाकघरात, ती भाजी निवडत असताना सांगितलं होतं. त्याला काही सांगायला होडी कशाला लागावी? आणि त्यासाठी खोटं बोलायची वेळ का यावी?

"रिपोर्टमध्ये काय आलं हो?" तिने पाण्याकडे बघत विचारलं.

"काय यायचंय? ठणठणीत. पुढची तपासणी वर्षाने." त्याने खिशातून कागद काढून तिच्या मांडीवर टाकला. "वाचून घे, म्हणजे दिवसभर खनपटीला बसायला नको."

तिने वाचलं. दोनदा वाचलं. खरंच ठणठणीत होतं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडल्या पडल्या तिथून तिचं कुतूहल वर आलं. मग खोटं कशासाठी?

"टेकव," तो म्हणाला. "दगड की चिखल?"

या वेळी खालून बारीकशी टक आली, दारावर एका बोटाने वाजवल्यासारखी.

"दगड!"

"नक्की?"

"अहो, नक्की. चांगलं ठणकन लागलं."

त्याने लगेच वल्ही आत घेतली, नांगर सोडला आणि होडीच्या तळाशी ठेवलेल्या, पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या छोट्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर तळाची जाड रेघ होती आणि तिच्या थोडं वर दोन-तीन वाकड्या खुणा.

"हे बास जातीचे मासे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की खाली जातात. खाली बुडालेला जुना रस्ता आहे, त्याच्या कडेला उभे राहतात. हे आत्ता चौथ्या मजल्यावर आहेत."

"पाण्याला मजले?"

"मला फुटात कळत नाही."

ती हसली. त्याने पुढचं समजावलं. वजन टोकाला, गळ त्याच्या हातभर वर, गळाला रबराचा किडा. सकाळी या सगळ्या गाठी त्याने तिच्याकडूनच मारून घेतल्या होत्या, शिकायचं तर पहिल्यापासून शिक म्हणून. वजन तळापासून जरासं अधांतरी धरायचं आणि काही करायचं नाही. खोलातला मासा पाठलाग करत नाही, तोंडासमोर आलं तरच घेतो.

"मग ओढतो तेव्हा कळतं?"

"ओढला तर कुणालाही कळेल. बास ओढत नाही. तो किडा तोंडात धरतो आणि थोडा वर येतो. वजनाचा भार त्याच्या तोंडावर जातो." तो थांबला. "तुझ्या बोटावरचं वजन नाहीसं होतं. एवढंच. काहीतरी होतं आणि आता नाही. तेवढ्यात काठी उचलायची. पुढच्या क्षणाला त्याला कळतं की हे रबर आहे, आणि थुंकून टाकतो."

इतकं सलग तो मुलीच्या लग्नातही बोलला नव्हता. तिने दोरी बोटावर घेतली. त्यानेही आपला गळ पाण्यात सोडला. ऊन पाण्यावर पसरलं होतं. हूं की चूं न करता ती बसून राहिली, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

मग त्याची दोरी ढिली पडली.

ती फार थोडी पडली. पण सैल टाके हेरण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ते न दिसणं शक्यच नव्हतं. काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंत सरळ असलेली रेघ अलगद वाकली. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो दोरी बोटावर धरून, डोळे मिटून, कान देऊन ऐकत असल्यासारखा बसला होता. रेघ पुन्हा सरळ झाली. तो तसाच.

मुद्दाम सोडला असेल, तिला वाटलं. मला बघायला लावतोय.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. त्याच्या कपाळावर आठी आली, काठीवरची पकड घट्ट झाली, आणि बोट तिथेच, काही न कळून.

सकाळी तो शर्टाच्या बाह्या तशाच उघड्या सोडून निघाला होता. "लावू का बटणं?" विचारलं तर खेकसला होता. गेले कित्येक महिने घरी गोल गळ्याचे बनियनच घालत होता, तिला वाटलं उकाडा. परवा गॅसवरून उतरवलेला पेला हातात धरून तो गप्पा मारत बसला होता, तेव्हा तिलाच चटका बसल्यासारखं झालं होतं. औषधांनी बोटांना मुंग्या येतील, असं डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले होते. काहींच्या जातात, काहींची बोटं बधिर होऊन राहतात. "माझ्या गेल्या," त्याने केव्हाच सांगून टाकलं होतं. विषय संपला होता.

चालत्या लिफ्टच्या दोराजवळ नुसता हात नेऊन कुठे घासतंय ते सांगणारा हा माणूस. आणि सकाळपासून तळाशी दगड आहे की चिखल, ते तिला विचारत होता.

तिला रडू येईल असं वाटलं, आणि पाठोपाठ भयंकर राग आला. रागवायला तोंड उघडलं असतं तर तो उद्यापासून होडीत बसला नसता, हेही तिला कळत होतं. तिने आपली दोरी गुंडाळून काठी बाजूला ठेवली आणि होडी डुलणार नाही अशा बेताने सरकून त्याच्या शेजारी बसली.

त्याने डोळे उघडले. "काय झालं?"

"माझ्याकडे काही येत नाहीये. तुमची बघते."

तिने त्याच्या बोटापुढे आपलं बोट दोरीखाली घातलं. दोरीवर वजन लोंबकळत होतं, लहान आणि स्पष्ट. पाण्याच्या खालून थरथर येत होती, होडीची की मासळीची, ते तिला सांगता आलं नसतं. ती वाट पाहत राहिली. आणि मग वजन नव्हतं.

"आता," ती म्हणाली.

त्याने काठी उचलली. काठी कमानीसारखी वाकली, रीळ कुरकुरलं आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारखा हुंकार निघाला.

"हळू," तो स्वतःलाच म्हणाला. "घाई केली की याच्या पोटातली हवा फुगते. मग सोडला तरी बुडत नाही. उताणा तरंगत राहतो बिचारा."

सावकाश, थांबत थांबत त्याने मासा वर आणला. हिरवट, रुंद तोंडाचा, रागावलेला. म्हणजे खरंच सापडत होते तर. इतकी काळजी घेऊनही पोट थोडं फुगलंच होतं. नवऱ्याने लांब दोरीला जड वजनासकट बांधलेला एक चिमटा काढला, क्षणभर हातात धरला आणि तिच्यापुढे केला.

"ओठाला लाव. बारीक आहे तो. तळाला गेल्यावर झटका दिला की सुटतो."

तिने लावला. मासा वजनाबरोबर खाली गेला, पहिला मजला, दुसरा, तिसरा, आणि दिसेनासा झाला. त्याने दोरीला झटका दिला. रिकामा चिमटा वर आला.

वारा सुटला तशा त्याच्या उघड्या बाह्या फडफडायला लागल्या.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय म्हणालात?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "एकट्याने जायचं नाही."

"मग ऐकायला हवं. पुढच्या रविवारी मी डबा घेते."

थोड्या वेळाने त्याने उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून. तिने मनगटावरची बाही सारखी केली आणि बटण लावलं.

मग त्याने डावा हातही पुढे केला.